आम्ही तिघं रोज बघतो

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात सिस्टर म्हणून उभ्याने काढली, आता मुलाच्या घरी आठव्या मजल्यावर पाय पसरून बसायचं. चिरंजीव न्यायला आला होता. दोन्ही बॅगा त्यानेच उचलल्या आणि लिफ्टमध्ये मला म्हणाला की आई, आता तू कुणाचीही ड्यूटी करायची नाहीस. सूनबाईने माझ्या खोलीला नवे पडदे लावलेत. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे. मला एवढं पुष्कळ आहे.

चिरंजीव माल उतरवायच्या यार्डात क्रेन चालवतो. जमिनीपासून तेरा-चौदा मजले उंच, काचेच्या केबिनमध्ये एकटा. खाली माणसं काम करत असतात आणि त्यांच्या डोक्यावरून हा टनावारी माल फिरवतो. लहानपणी याच्या हातून दुधाचा पेला धड टेबलापर्यंत पोचत नसे! सूनबाई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दोघं सकाळी आठला जातात, संध्याकाळी सातला येतात.

हॉलमध्ये तिघं ऐसपैस बसतील असा सोफा आणि समोर हा एवढा मोठा टीव्ही. आणि एक गंमत. लोक घरी बसून काय काय बघतात हे मोजणाऱ्या एका कंपनीने हे घर निवडलंय. टीव्हीखाली एक काळं खोकं बसवलंय, सोबत बटणांची डबी. घरातल्या प्रत्येकाला क्रमांक. एक चिरंजीव, दोन सूनबाई, तीन मी. बघायला बसताना आपलं बटण दाबायचं की खोक्यावर आपला दिवा लागतो. उठताना परत दाबलं की जातो. शिवाय ही वही. प्रत्येकाने आपापल्या रकान्यात कार्यक्रमाबद्दलचं मत लिहायचं. कंपनीची नोंदणीवाली बाई सगळं समजावून गेली. सूनबाई हसत म्हणाली की आई, वेळ तुम्हालाच आहे, वही तुम्हीच सांभाळा. सांभाळते की! मतं माझ्याकडे कधीच कमी नव्हती. रकान्यात मावणार नाही ते मागच्या कोऱ्या पानांवर असं लिहीत जाईन.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी एकला दवाखान्याची मालिका. नावं मी लिहीत नाही, खोक्याने वेळ टिपलेली असतेच. नायक म्हणे कित्येक दिवस बेशुद्ध आहे, आणि दाढी मात्र रोजच्या रोज केलेली. ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर. नर्स नाडी बघते ती अंगठ्याने! अगं बाई, अंगठ्याला आपले स्वतःचेच ठोके लागतात, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. माझ्या हाताखाली असतीस तर तुला बेडपॅनच्या खोलीतून बाहेर येऊ दिलं नसतं.

दोन वाजता तीन बहिणींची मालिका. सासूने धाकटीला दाराकडे बोट दाखवलं आणि ते बोट भाग संपेपर्यंत तिथेच. मधे प्रत्येकीचं तोंड तीन-तीनदा दाखवलं. नुसतं गुऱ्हाळ लावलंय. थोरली बरी काम करते, पण तिला रडण्याशिवाय काम दिलेलं नाही.

तीनला जुना भुताचा सिनेमा. दार आपोआप उघडतंय, पांढरे कपडे, मोकळे केस, आणि बाई आल्यात कशाला तर सूड उगवायला. मला काडीची भीती वाटली नाही. माझ्या वॉर्डात शेकडो माणसं गेली, एकही परत आलं नाही. आली असती तर सूडबीड नाही, घरचं कुणी भेटायला आलं होतं का एवढंच विचारायला आली असती. दहापैकी दोन गुण, तेही त्यातल्या मांजराला.

९ नोव्हेंबर, रविवार

आज तिघांनी मिळून सिनेमा बघायचा असं चिरंजीवानेच ठरवलं होतं. मी दहा वाजल्यापासून तयार. तिन्ही दिवे लागले तेव्हा मला केवढं बरं वाटलं! सिनेमात बाप आणि मुलगा वीस वर्षांनी भेटतात, प्रसंग छान घेतला होता, म्हणून मी सांगायला वळले तर दोघांची डोकी आपापल्या मोबाइलमध्ये. अकराव्या मिनिटाला चिरंजीवाला फोन आला आणि तो उठला. मग सूनबाईला कपडे मशीनमधून काढायचे आठवले. दोघांनी बटणं मात्र आठवणीने दाबली. बाप-मुलगा पुढे काय बोलले ते मी एकटीने ऐकलं.

राग नाही. दिवसभर राबतात पोरं. पण मग बोलवायचं तरी कशाला?

१० नोव्हेंबर, सोमवार

नोंदणीवाली कागद घेऊन आली होती. विचारते, या घरात तीन नंबर एकटाच का बघतो, बाकीचे इथे राहत नाहीत का? माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. परक्या बाईने माझ्याकडे बिचारी म्हणून बघावं! मी तिला ठणकावून सांगितलं की दोघांची कामाची वेळ अशी आहे की दुपारी घरीच असतात, आम्ही तिघं रोज बघतो, त्यांना बटण दाबायची आठवण राहत नाही एवढंच.

ती गेली आणि मी एक दाबलं, दोन दाबलं. त्यात काय एवढं! चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर, तेव्हा चार वाजताचा ताप कोण घेत बसणार? तक्त्यावर सगळ्यांना साडेअठ्ठ्याण्णव लिहायचं आणि पुढे सरकायचं. मेट्रनबाई तक्ता बघायच्या, पेशंट कुठे बघायच्या? तक्त्यावर चढलं की ते झालं. अख्खी नोकरी मी अशा नोंदी केल्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही. निदान मला तरी कुणी येऊन सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आता रोज एक ते चार तिन्ही दिवे. मग दोघांचे रकाने कोरे कसे ठेवणार? तेही मीच भरते. आज तीन बहिणींच्या मालिकेवर चिरंजीवाचं मत: "आई म्हणते ते खरं आहे, पाणी घालून वाढवलंय." सूनबाईचं मत: "आईंचं बरोबर आहे. धाकटीनेच स्वतःहून निघून जावं म्हणजे आपण सुटलो." हे लिहिताना मला इतकं हसू आलं! या घरात माझं बरोबर आहे असं कुणी आजवर म्हटलेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सोफ्याची माझ्या शेजारची गादी दबली आहे. पहिल्यांदा वाटलं, स्प्रिंग गेली. हात लावून पाहिला तर कोमट. माणूस नुकताच उठून गेलेला बिछाना मला कळतो, हजारो चादरी बदलल्यात मी. पलीकडची जागाही तशीच.

आणि मालिकेतल्या डॉक्टरने पुन्हा उलटा एक्स-रे बघितला तेव्हा माझ्या आधी कुणीतरी नाकातून हसलं. चिरंजीव हसतो तसं. वरच्या घरातला आवाज असेल. मी शेवटपर्यंत बघितलं आणि गुण दिले, चार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी जेवताना सूनबाई म्हणाली, दुकानात दोन-तीन दिवस विचित्र चाललंय. दुपारी एकनंतरचं तिला काही आठवत नाही. शेजारची मुलगी सांगते की ती काउंटरवर बसलेली असते, डोळे उघडे, हातात चष्म्याची काडी, आणि हाक मारली तरी उत्तर नाही. मध्येच एकदा मोठ्याने म्हणाली म्हणे, धाकटीनेच स्वतःहून निघून जावं म्हणजे आपण सुटलो. गिऱ्हाईक घाबरलं. सूनबाई ती मालिका बघत नाही. ही वही माझ्या उशीखाली असते.

चिरंजीव म्हणाला, मलाही दुपारी डुलकी लागल्यासारखं होतं, वर हवा कोंदट असते. तो तेरा मजले उंचावर बसतो. उद्यापासून फक्त तीन दाबायचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारपासून मी एकटीच बघत होते. दोघं ठणठणीत. सोफा थंड. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला मला लाज वाटते.

आज सकाळी सूनबाई फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती की हॉल आता आमचा राहिलेला नाही, टीव्ही आईंच्याच खोलीत टाकावा म्हणजे दार लावून घेता येईल. चिरंजीव शेजारीच बूट घालत होता. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, बघू. बघू! याच्या तापात रात्रपाळ्या करून मी दिवसा याच्या उशाशी बसले. आणि हा म्हणतो बघू.

एकला मी एक दाबलं, दोन दाबलं. काय होणार ते मला माहीत होतं. इथे स्पष्ट लिहिते, माहीत होतं. तरी दाबलं.

गाद्या दबल्या. मी वळून बघितलं नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यातून दोन आकार दिसतात, तोंडं टीव्हीकडे. अर्ध्या तासाने माझ्या मांडीवर डोकं आलं. शाळेतून दमून आला की ठेवायचा तसं. मी केसांतून हात फिरवला. केस होते. चारपर्यंत उठले नाही. मला फार आवडलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कालही दाबलं होतं.

काल दुपारी यार्डात माल हवेत तसाच लटकत राहिला, चाळीस मिनिटं. खालून लोक ओरडत होते. चिरंजीव वर केबिनमध्ये डोळे उघडे ठेवून बसलेला, हसरा. मग त्याचा हात दांड्यावरून घसरला आणि माल झोकांडत खाली आला. एका कामगाराचा पाय गुडघ्याखालून गेला. यार्डाने चिरंजीवाला तपासण्या होईपर्यंत घरी पाठवलंय. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सापडणार कसं.

सकाळी मी नाडी बघितली. अठ्ठावन्न. याची कायम बहात्तर असते, मोठा झाल्यापासून मी मोजत आले आहे.

आज मी डबीला हातच लावला नाही. एकच्या ठोक्याला एक आणि दोन आपोआप लागले. मी धावत त्याच्या खोलीत गेले. चिरंजीव पलंगावर ताठ बसलेला, नजर भिंतीवर. हॉलमध्ये मालिका सुरू झाली. विनोद झाला तेव्हा हा भिंतीकडे बघून नाकातून हसला, आणि त्याच क्षणी हॉलमध्येही—

मी हॉलमध्ये जाऊन सोफ्यावरच्याचं मनगट धरलं. तीन बोटांनी, अंगठ्याने नाही. चौदा.

अठ्ठावन्न आणि चौदा बहात्तर.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बटण परत दाबून दिवे जात नाहीत. खोक्याची वायर काढली. दिवे तसेच. टीव्ही बंद केला, जिना उतरून रस्त्यावर उभी राहिले, एक ते चार. वर आले तर दोन्ही गाद्या कोमट.

पलंगावरचा सेहेचाळीस. सोफ्यावरचा सव्वीस. सूनबाईची मोजू देत नाही, पण ओठ पांढरे पडलेत.

नोंदणीवालीला फोन केला. ती म्हणाली, तुमचं घर आमच्या यादीत सगळ्यात चांगलं आहे, तिघं कसे नेमाने बघता! एकदा चढलेलं माणूस कमी करता येत नाही, घर सोडून गेलं तरच. तसं असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर क्रमांक टाकून "घर सोडलं" असं लिहायचं, खाली सही करायची, बस.

लगेच लिहिलं, दोघांचंही. दिवे गेले! मी रडलेच. सातला सूनबाई तपासणीला गेलेल्या चिरंजीवाला घेऊन दारातून आत आली आणि दोन्ही दिवे परत लागले. पानावरची अक्षरं पुसट होऊन गेली.

इथे खोटी नोंद चालत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दोघांना सगळं सांगितलं. वही दाखवली. जाणूनबुजून दाबलं तेही सांगितलं. सूनबाईने चिरंजीवाकडे बघितलं, त्याने तिच्याकडे. मग फार प्रेमाने म्हणाला की आई, सोमवारी तुला एका चांगल्या डॉक्टरांकडे नेतो.

चाळीस. बत्तीस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गेले. मी घालवलं.

ते असे जाणारे नव्हते, म्हणून तोंडाला येईल ते बोलले. सूनबाईला म्हणाले, तू आलीस आणि माझ्या मुलाचा हात सुटला, त्या माणसाचा पाय तुझ्यामुळे गेला. तरी ती रडत उभीच. मग चिरंजीवाला म्हणाले की तुझे बाबा शेवटच्या दिवशी सांगून गेले, त्याला बोलावू नका, मला त्याचं तोंड बघायचं नाही.

खोटं आहे. ते सकाळपासून त्याचंच नाव घेत होते.

त्याचा चेहरा बघवला नाही. अर्ध्या तासात दोघांनी कपडे भरले. यार्डाजवळ खोली घेऊन राहणार म्हणे. दारात म्हणाला, पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. बरं झालं. आता नोंद खरी होईल. दोन ओळी फक्त.

आधी जरा चहा घेते, मग लिहिते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिलं नाही.

सोफ्यावरची दोघं आता बारालाच येऊन बसतात. एवढ्या मोठ्या घरात एरवी घड्याळाचा आवाज. आज सूनबाईने माझ्या पायांवर पांघरूण घातलं. मी विचारलं, सिनेमा कसा वाटला. दोघांनी विचार करून उत्तर दिलं. शेवट घाईत उरकलाय, असं तो म्हणाला. मलाही अगदी तेच—

उद्या लिहीन. खरा चिरंजीव सध्या खोलीवरच आहे, उंचावर नाही. एका दिवसाने काय होतं.

सोफ्यावरचा त्रेचाळीस.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज सोफ्यावरच्याने तोंड माझ्याकडे वळवलं. मी किंचाळणार होते. पण चिरंजीवाचंच होतं. अगदी त्याचंच. जरा पूर्वीचं, मला बघून हसायचा तेव्हाचं.

पेन उघडलं होतं. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि—

पन्नास.

सूनबाईचा, खऱ्या सूनबाईचा, फोनवर निरोप आलाय. तपासण्यांत काही निघालं नाही. उद्या दुपारपाळीला तो परत क्रेनवर चढतोय. खूप थकलाय, पण ऐकत नाही. तुम्ही फोन करू नका, त्याला त्रास होतो.

फोन केला. उचलला नाही. यार्डात केला. तिथल्या माणसाने कुणाची आई म्हणून विचारलं, आणि सांगायच्या आत ठेवला.

म्हणजे लिहायलाच हवं. उद्या एकच्या आत. देवा, एवढं माझ्याकडून करून घे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बारा पन्नास. शिडी चढत असेल. वही मांडीवर आहे.

लिहिलं, "क्रमांक एक".

पुढचे दोन शब्द. पुढचे दोन शब्द लिहिले की सोफ्यावरचा हा जाईल आणि खराही परत येणार नाही. मग या सोफ्यावर मी—

नको. लिहायचं. माझा मुलगा वर आहे.

याने डोकं ठेवलंय वहीवर. सरकवलं तर मनगट हाताशी आलं. चौसष्ट. बहात्तरातून चौसष्ट गेले तर तिकडे—

एक वाजला. सुरू झालं.

लिहिते आहे. "क्रमांक एक, घर"

म्हणतोय, आई, एवढा भाग होऊ दे, मग लिही. उठू नकोस ना. आपण कधी एकत्र बसतो? वीस मिनिटांचा तर भाग. वीस मिनिटं तो वर धरून बसेल, लहानपणापासून चिवट आहे, आणि आज खरंच छान काढलाय भाग, तिघंही गप्प बसून बघतोय, हा एवढा प्रसंग झाला की मी लगेच